हे कुणी पाहिलं?

वाचकांचे प्रश्न : लेखन आणि संशोधन

प्रश्न : आमच्या महिला वाचक मंडळाला यंदा पंचवीस वर्षं होतायत. स्मरणिका काढतोय आणि तिच्यात बहिणाबाई चौधरींवर हजारेक शब्दांचा चरित्रलेख लिहायचं काम माझ्याकडे आलंय. मी बँकेतून निवृत्त झाले. वाचन भरपूर आहे, पण असं काही लिहिलेलं नाही. आठवडाभर माहिती जमवली, तर जिथे तिथे तीच चार-पाच वाक्यं. जन्मतारीख मात्र कुठे २४ ऑगस्ट १८८०, कुठे ११ ऑगस्ट १८८०. कोणती धरू? आणि सुरुवात कुठून करू? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातल्या त्या दोन तारखांनी मला थेट १९८० सालात नेलं. बहिणाबाईंच्या जन्मशताब्दीचं वर्ष. मी खानदेशातल्या एका तालुक्याच्या वाचनालयात नुकतीच नोकरीला लागले होते आणि एका छोट्या अंकासाठी आयुष्यातला पहिला चरित्रलेख लिहिला होता. पहिलंच वाक्य असं होतं : ‘बहिणाबाईंचा जन्म नागपंचमीच्या दिवशी, २४ ऑगस्ट १८८० रोजी असोदे येथे झाला.’ अंक छापून आला, चार जणांनी कौतुक केलं. आठवड्याने आमचे एक जुने सभासद, निवृत्त तलाठी, काउंटरवर अंक ठेवून हळूच म्हणाले, ‘बाई, त्या साली २४ ऑगस्टला वद्य पक्ष असला पाहिजे. नागपंचमी शुद्ध पक्षातली. दोन्ही खरं कसं असेल?’

मला उत्तर देता आलं नाही. वाक्य मी दुसऱ्या एका लेखातून उचललं होतं, त्या लेखकाने तिसऱ्याकडून घेतलेलं असणार. एकाच ओळीत एकमेकींना खोटं पाडणाऱ्या दोन गोष्टी होत्या, आणि इतक्या जणांच्या हातून ती ओळ गेली तरी कुणी थांबलं नव्हतं. त्या दिवसापासून मी एक सवय लावून घेतली. कुठलंही वाक्य कागदावर उतरवण्याआधी विचारायचं, हे कुणी पाहिलं?

आता तारखेचं बघू. १८८० साली असोद्यातल्या शेतकऱ्याच्या घरात मुलगी झाली, तर घरच्यांच्या लक्षात काय राहील? सण राहील. ‘नागपंचमीची झाली’ असं आई सांगेल, मावशी सांगेल. इंग्रजी तारीख त्या घरात कुणी बोलत नव्हतं, ती नंतर कुणीतरी हिशेब करून काढलेली. म्हणून मूळ पुरावा तिथी, आणि तारीख तिच्यावरून काढायची. इसवी सनातून ७८ वजा केले की शक मिळतो (जानेवारी ते गुढीपाडवा या काळात ७९). म्हणजे शके १८०२. त्या शकातली श्रावण शुद्ध पंचमी बुधवारी, ११ ऑगस्ट १८८० ला येते. २४ ऑगस्टला नारळी पौर्णिमा उलटून तीन-चार दिवस झालेले होते.

माझ्यावरही विश्वास ठेवू नका, स्वतः ताडून बघा. त्यासाठी ज्योतिषी नको. दर एकोणीस वर्षांनी तिथी आणि तारखा जवळजवळ पुन्हा जुळतात, फार तर एखाद-दुसऱ्या दिवसाचा फरक पडतो. १८८० मध्ये सात वेळा एकोणीस, म्हणजे १३३ मिळवले की २०१३ येतं. घरात २०१३ ची जुनी दिनदर्शिका सापडली तर ऑगस्टचं पान काढा. नागपंचमी ११ ऑगस्टला आहे. आमच्या तलाठीआप्पांना हे गणित तोंडपाठ होतं, मला ते त्यांनीच शिकवलं. तेव्हा ताई, ११ ऑगस्ट धरा आणि नागपंचमीचा उल्लेख ठेवा.

पहिल्या वाक्यातला आणखी एक खड्डा सांगून ठेवते. ‘जळगाव जिल्ह्यातील असोदे येथे जन्म’ असं लिहू नका. १८८० मध्ये जळगाव जिल्हा नव्हता. सगळा मिळून एक खानदेश जिल्हा होता आणि त्याचं ठाणं धुळ्याला. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले तेव्हा जळगाव पूर्व खानदेशचं मुख्य ठिकाण झालं, आणि जळगाव जिल्हा हे नाव तर महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरचं. ‘जळगावजवळच्या असोदे गावी, तेव्हाच्या खानदेश जिल्ह्यात’ असं लिहिलंत की वाक्य खरं होतं आणि वाचणारीला काळही कळतो. योगायोग असा की इंग्रज सरकारने छापलेला खानदेशचा गॅझेटियर १८८० चाच आहे. त्या मुलुखात तेव्हा काय पिकत होतं, बाजार कुठे भरत होते, आगगाडी कुठून जात होती, हे सगळं त्यात आहे. बहिणाबाईंचं नाव त्यात असण्याचा प्रश्नच नाही, पण त्या ज्या जगात जन्मल्या ते जग आहे. मोठ्या ग्रंथालयात मागा.

पुढची काळजी नावाची. बहिणाबाई दोन आहेत. एक आपल्या, चौधरी. दुसऱ्या संत बहिणाबाई, १६२८ ते १७००, तुकोबांच्या शिष्या, वैजापूर तालुक्यातल्या शिऊरच्या. ‘संतकृपा झाली, इमारत फळा आली’ हा अभंग त्यांच्या नावावर आहे आणि स्वतःच्या आयुष्याबद्दलचे अभंगही त्यांनी लिहिले. दोघींमध्ये अडीचशे वर्षांचं अंतर आहे. तरी एकीच्या लेखात दुसरीचं चित्र आणि एकीच्या खात्यावर दुसरीचा अभंग मी इतक्या ठिकाणी पाहिलाय की आता बहिणाबाईंवरचा कुठलाही लेख हातात आला की आधी तेच तपासते. विश्वकोशात शोधताना आडनावाने शोधा, ‘चौधरी, बहिणाबाई’. संतांची नोंद वेगळी.

मग वाचनालयात जा. तिथे मी तुम्हाला एक उलटा शोध घ्यायला सांगणार आहे. शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ मागा. दोन खंड आहेत. पहिल्यात १८०० ते १९३७ आणि दुसऱ्यात १९३८ ते १९५० या काळातली मराठी पुस्तकं नोंदलेली आहेत. दाते यांनी गावोगावची ग्रंथालयं पालथी घालून, पुस्तक हातात घेऊन ही नोंद केली. दीडशे वर्षांची छापील मराठी त्या दोन खंडांत आहे आणि बहिणाबाईंचं पुस्तक त्यात नाही. असणार कुठून? ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली १९५२ मध्ये. १९५० साली बहिणाबाई सत्तर वर्षांच्या होत्या, जळगावात राहत होत्या, जन्मभराची गाणी त्यांच्या ओठांवर होती, आणि पुस्तकांच्या जगात त्यांचं नाव नव्हतं. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या. छापलेलं पुस्तक त्यांनी पाहिलं नाही.

ही सूची समोर ठेवून बसले होते तेव्हा मला त्यांच्या ‘छापखान्या’वरच्या गाण्याची आठवण झाली. जळगावात छापखाना आला त्यावर रचलेलं गाणं, आणि त्याचा शेवट :

मानसापरी मानूस
राहतो रे येडाजाना
अरे, होतो छापीसनी
कोरा कागद शहाना

ज्या बाईला अक्षर वाचता येत नव्हतं तिने छापखान्याकडे पाहून हे म्हटलं. तुम्ही विचारलंत सुरुवात कुठून करू. माझं ऐकाल तर इथून करा. जन्म, आईवडील, भावंडं हे दुसऱ्या परिच्छेदात येऊ द्या. तिथे ते थोडक्यात आटपतं : वडील उखाजी महाजन, आई भिमाई, तीन भाऊ, तीन बहिणी, तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी चौधरींशी लग्न, मुलं ओंकार, सोपान आणि काशी, तिशीत वैधव्य.

आता ‘हे कुणी पाहिलं?’ हा प्रश्न या माहितीला लावा. आपल्याला बहिणाबाईंबद्दल जे ठाऊक आहे त्यातलं बहुतेक सगळं एका माणसाकडून आलंय. त्यांचे चिरंजीव, कवी सोपानदेव चौधरी. त्यांचा जन्म १९०७ चा. बहिणाबाईंना तिसाव्या वर्षी वैधव्य आलं म्हणजे साल १९१० च्या आसपासचं. सोपानदेव तेव्हा जेमतेम तीन वर्षांचे. याचा अर्थ काय होतो बघा. वडील त्यांना आठवत असण्याची शक्यता फार कमी. आईचं लग्न, सासरची पहिली वर्षं, कपाळावर कुंकू असलेली आई, यातलं त्यांनी डोळ्यांनी काही पाहिलेलं नाही, ते त्यांनी ऐकलेलं आहे. त्यांनी पाहिली ती विधवा आई, आणि ती मात्र चाळीस वर्षं पाहिली. तुमच्या लेखात या दोन भागांचा सूर वेगळा असायला हवा. पहिल्या भागात ‘असं घरात सांगत’ हे शब्द यावेत, दुसऱ्या भागात ‘मुलाने पाहिलं’ असं ठामपणे म्हणा.

मी हे करायला साधी वही वापरते. उजव्या पानावर माहिती, डाव्या पानावर ती कुणाकडून आली आणि तो माणूस तेव्हा तिथे होता का. डावं पान रिकामं राहिलं तर उजवीकडचं वाक्य कितीही देखणं असो, लेखात घेत नाही. पहिल्या दोन दिवसांत निम्मी वही अशी गळते. घाबरू नका, उरतं ते पुरतं.

अत्र्यांचा प्रसंग तुम्ही वाचला असेलच. आई गेल्यावर सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि हे बावनकशी सोनं आहे असं अत्रे म्हणाले. प्रस्तावनाही त्यांनीच लिहिली. हा प्रसंग जरूर घ्या, पण तो ‘अत्रे सांगतात’ म्हणून घ्या, आणि प्रस्तावना मुळातून वाचा. तिच्यातल्या वाक्यांची इतकी हातोहात देवघेव झालीय की मूळ शब्द कोणते हे पुस्तक उघडल्याशिवाय कळत नाही.

शेवटचं एक मागणं आहे आणि ते मी मनापासून मागते. ‘निरक्षर असूनही’ असं लिहू नका. त्या ‘असूनही’त आपण साक्षर माणसं उगाच उंचावर जाऊन बसतो. घरोटावर, म्हणजे जात्यावर, बसून ओवी रचणाऱ्या बायांची परंपरा शेकडो वर्षांची आहे. पाठांतर, चाल, यमक, उपमा या सगळ्याचं शिक्षण त्या परंपरेत होतं आणि ते बहिणाबाईंना पुरेपूर मिळालेलं होतं. लिहिता येत नव्हतं, हे खरं, आणि ते ‘निरक्षर’ या शब्दात नेमकं बसतं. ‘अशिक्षित’ मात्र खोटं आहे. आणि ‘निसर्गकन्या’, ‘खानदेशकन्या’ ही बिरुदं काढून टाका, त्या जागी एखादी वस्तू ठेवा. घरोट ठेवा, तवा ठेवा, सुगरणीचा खोपा ठेवा.

प्रश्न : मी एम. ए. करतेय. प्रकल्पासाठी बहिणाबाईंच्या कवितांमधून त्यांचं चरित्र उभं करायचं ठरवलंय. माझे मार्गदर्शक म्हणतात की कविता म्हणजे पुरावा नव्हे. पण त्यांनी डायरी लिहिली नाही, पत्रं लिहिली नाहीत. कविता सोडल्या तर हातात राहतं काय? (एक विद्यार्थिनी, पाचोरा)

उत्तर : बाळ, तुझं अर्धं बरोबर आणि तुझ्या सरांचं अर्धं. कविता पुरावा आहे, पण कशाचा, हे प्रत्येक कवितेला वेगळं विचारावं लागतं.

दोन ओळी शेजारी ठेवते. पहिली माहेराच्या गाण्यातली, सगळ्यांना पाठ असलेली : ‘लेकीच्या माहेरासाठी माय सासरी नांदते’. हिच्यावरून बहिणाबाईंना सासरी जाच होता असं काढलेलं मी वाचलंय. ओळ तसं म्हणत नाही. इथली माय कुठलीही माय आहे, गावातली प्रत्येक बाई ही ओळ स्वतःची म्हणून गाईल, आणि म्हणूनच ती टिकली. चरित्राच्या खात्यात ती टाकता येत नाही.

दुसरी ओळ :

लपे करमाची रेखा
माझ्या कुंकवाच्या खाली
पुशीसनी गेलं कुंकू
रेखा उघडी पडली

इथे गोष्ट बदलते. तिशीतलं वैधव्य आपल्याला कवितेबाहेरून ठाऊक आहे. कवितेने ती घटना सिद्ध केलेली नाही, घटना आधीच सिद्ध आहे. कविता आपल्याला सांगते की ज्या बाईवर ती कोसळली तिने तिच्याकडे कसं पाहिलं. हा पुरावा मोठा आहे, तू तो धीटपणे वापर. फक्त एक करू नकोस. ‘१९१० मध्ये पती निवर्तल्यावर त्यांनी ही कविता रचली’ असं लिहू नकोस. कविता कधी रचली ते त्या कवितेत नाही. दुःख त्याच वर्षी शब्दांत उतरलं की वीस वर्षांनी, सुनेला दळताना ऐकवण्यासाठी उतरलं, ते तुला ठरवता येणार नाही. ‘वैधव्याबद्दल त्यांनी म्हटलं’ एवढं म्हण आणि पुढे जा.

तिसरा प्रकार मला सगळ्यांत मोलाचा वाटतो आणि त्याच्याकडे फार कमी जण वळतात. पेरणी, कापणी, रगडणी (मळणी), उपणणी (वाऱ्यावर धान्य सोडून भुसा उडवणं). ही गाणी एका ओळीत लाव. मृगाच्या वाऱ्यापासून खळ्यावरच्या वाऱ्यापर्यंत शेतीचं अख्खं वर्ष उभं राहतं. यात मन, दैव, संसार नाही, नुसतं काम आहे, आणि ते इतक्या बारकाव्याने आलंय की कुणाकडून ऐकून सांगणाऱ्याला ते जमणार नाही. या बाईच्या हातांनी काय काय केलं याचा हा कबुलीजबाब आहे. प्लेगचंही तसंच. त्यांच्या गाण्यात तो ‘पिलोक’ म्हणून येतो. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि तिथून पसरत गेला, तेव्हा त्या सोळा वर्षांच्या, नव्यानेच सासरी आलेल्या. हे गाणं आणि त्या काळच्या सरकारी नोंदी समोरासमोर ठेवल्यास तर तुझ्या प्रकल्पाचं एक चांगलं प्रकरण तयार होईल.

मात्र शेतीची गाणी एकटीने वाचू नकोस. पाचोऱ्यातच कापूस पिकवणारं कुणीतरी घर शोध आणि त्या घरातल्या म्हाताऱ्या बाईसमोर मोठ्याने वाच. मी एकदा माझ्या सासूबाईंसमोर उपणणीचं गाणं वाचत होते. सासूबाईंनी मला मध्येच थांबवलं आणि उठून सूप हातात घेतलं. तिवईवर उभं राहून वाऱ्याकडे पाठ कशी करायची, हात किती उंच न्यायचा, वारा पडला की काय करायचं, ते त्यांनी करून दाखवलं. गाणं मला वीस वर्षं पाठ होतं. कळलं ते त्या दुपारी.

आणि हिशेब एक ठेव. बहिणाबाई १९५१ ला गेल्या. त्यांना कळत्या वयात पाहिलेला माणूस आज नव्वदीच्या आसपास असणार. तसा कुणी भेटलाच तर आधी त्याचं जन्मसाल विचार, ते वहीत लिही, मग आठवणी ऐक. बाकीच्यांना ‘बहिणाबाई कशा होत्या’ असं विचारूच नकोस. ते भलेपणाने काहीतरी सांगतील आणि ते त्यांनी शाळेच्या पुस्तकात वाचलेलं असेल. त्यांना विचार, तुमच्या आईच्या काळी घरोट कुठे मांडलेलं असायचं? पहाटे किती वाजता बसायच्या? समोरासमोर दोघी की एकटी? दळताना कुणाची गाणी म्हणायच्या? याची उत्तरं त्यांच्याकडे खरी असतात.

एक गोष्ट तुझ्या सरांनी तुला सांगितली नसेल तर मी सांगते. ही गाणी बहिणाबाईंनी म्हटली आणि सोपानदेवांनी व त्यांच्या मावसभावाने कागदावर उतरवली. सोपानदेव स्वतः कवी होते, त्यांचा ‘काव्यकेतकी’ हा संग्रह १९३२ चा. म्हणजे आईचा शब्द आपल्यापर्यंत पोचतो तो एका कवीच्या हातातून, मग छापखान्यातून. मी त्यांच्यावर संशय घेत नाही. ते नसते तर आपल्याकडे एक ओळही नसती, आणि या ऋणाचा उल्लेख न करता कुणी बहिणाबाईंवर लिहू नये. पण उतरवून घेताना कुठली ओळ आधी आली, कुठली गळली, तोंडी गाताना दर वेळी बदलणारा शब्द कुठे कायमचा झाला, हे प्रश्न तुझ्या प्रकल्पात यायलाच हवेत. ते विचारलेस म्हणून बहिणाबाई लहान होत नाहीत.

प्रश्न : बहिणाबाईंची भाषा अहिराणी म्हणायची ना? लेख छापायला दिला तर मुद्रितशोधकाने त्यांच्या ओळींतले शब्दही शुद्ध करून टाकले. आता काय करावं? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : भाऊ, तुम्ही अमळनेरचे, तुमच्या कानांत अहिराणी आहे, म्हणून तुम्हाला फरक लगेच जाणवेल. अहिराणीचा मुलूख धुळे, नंदुरबार, बागलाण आणि आपल्या जिल्ह्यातला अमळनेर, पारोळा, चाळीसगावकडचा भाग. बहिणाबाईंचं घर लेवा पाटीदारांचं, आणि जळगाव, भुसावळ, यावल, रावेर या पट्ट्यातली त्या समाजाची बोली ती त्यांची बोली. तिला लेवा गणबोली म्हणतात. दोन्ही खानदेशच्याच, सख्ख्या शेजारणी, काही शब्द आणि ‘छापीसनी’, ‘पुशीसनी’सारखी रूपं दोघींच्या जवळची, म्हणून गल्लत होते. तुम्ही लेवा गणबोली लिहा.

मुद्रितशोधकाचं दुःख मला चांगलं ठाऊक आहे. माझ्या एका लेखात ‘बिना कपाशीनं उले, त्याले बोंड म्हनू नही’ ही ओळ होती. छापून आली तेव्हा ‘उले’चं ‘फुले’ झालेलं. एका अक्षराने सगळं गेलं. कपाशी फुलते तेव्हा पिवळं फूल येतं, आणि उलते तेव्हा बोंड तडकून आतला पांढरा कापूस बाहेर येतो. मध्ये कित्येक आठवडे जातात. ज्या बाईने आयुष्यभर कापूस वेचला तिच्या तोंडी ‘फुले’ घालणं म्हणजे तिला तिच्याच शेतातून बाहेर काढणं. त्या रात्री मला झोप आली नाही.

तेव्हापासून मी असं करते. हस्तलिखिताला वेगळा कागद जोडते आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिते की खालील ओळी बोलीतल्या आहेत, अक्षर बदलू नये. मग बदलाची भीती असलेले शब्द एकेक करून देते : जयगाव म्हणजे जळगाव, डोये म्हणजे डोळे, तय्हात म्हणजे तळहात. या बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो, एवढं एक सूत्र सांगितलं की शोधक सांभाळून घेतो. नाहीतरी शुद्धलेखनाची काळजी हेच त्याचं काम आहे, त्याला दोष देऊन चालत नाही. आणि शेवटचं मुद्रित स्वतः बघायला मागा. लाजू नका, दोनदा मागा.

हो, आणि ओळी कोणत्या आवृत्तीतून घेतल्या ते स्वतःच्या वहीत नक्की लिहून ठेवा. पाठ आहे म्हणून आठवणीतून लिहिलं की आपण नकळत आपल्या गावची बोली त्यात मिसळतो. तुमच्याकडून अहिराणी मिसळेल, पुण्याच्या लेखकाकडून पुणेरी.

प्रश्न : मुलगी नववीत आहे. शाळेने ‘माझा आवडता साहित्यिक’ या विषयावर तीनशे शब्द मागितलेत, तिने बहिणाबाई निवडल्या. पण आधीच तयार असलेला मजकूर उतरवून काढण्याकडे तिचा कल आहे. कसं समजवावं? (एक पालक, डोंबिवली)

उत्तर : समजावू नका, तिला दोन कामं द्या. पहिलं, वर सांगितलेली २०१३ ची नागपंचमी शोधायला सांगा. छापलेली तारीख चुकीची असू शकते हे तिने स्वतःच्या हाताने सिद्ध केलं की उतरवून काढायचा मोह आपोआप ओसरेल. मुलांना मोठ्यांची चूक सापडली की त्यांची ताकद वाढते, हे मी वाचनालयात तीस वर्षं पाहिलंय.

दुसरं काम आवडती एक ओळ निवडायचं. एकच. तीनशेपैकी दोनशे शब्द त्या ओळीवर. ‘खोप्यामधी खोपा सुगरणीचा’ घेतला तर आधी तिला सुगरणीचं घरटं प्रत्यक्ष दाखवा. डोंबिवलीतून फार लांब जावं लागणार नाही, खाडीच्या बाजूला किंवा कल्याणपुढे गावांकडे निघालात की पावसाळ्यात बाभळीला, शिंदीला लटकलेली दिसतात. तिला खाली उभी करा आणि विणकाम बघू द्या. आणि दिवाळीत खानदेशातलं कुणी येणार असेल, तर कपाशीची उललेली दोन बोंडं पिशवीत घालून आणायला सांगा.